मुलांना 'वाच' म्हणण्याआधी... शिक्षक-पालकांसाठी पाच कादंबऱ्या



१५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, आपण दरवर्षी वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. मागच्या वेळी मीही केला. फळ्यावर रंगीत खडूने 'वाचाल तर वाचाल' लिहिलं, मुलांना ओळीत बसवलं, प्रत्येकाच्या हातात एकेक गोष्टीचं पुस्तक दिलं, फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही आत्ता कोणतं पुस्तक वाचताय?"

मी पटकन म्हणाले, "श्यामची आई."

खरं सांगते, ते खोटं होतं. 'श्यामची आई' मी सातवीत असताना वाचलं होतं, तेही पूर्ण नाही. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये पुस्तक नव्हतं, घरी उशाशी नव्हतं. डीएड झाल्यापासून मी जे वाचलं ते बहुतेक पाठ टाचण, परिपत्रकं आणि मोबाईलवरचे मेसेज. कादंबरी शेवटची कधी हातात घेतली, हे आठवायलाही मला वेळ लागला.

त्या खोट्याची मला लाज वाटली. म्हणून गेल्या काही महिन्यांत मी ठरवून कादंबऱ्या वाचल्या. काही नव्याने, काही पुन्हा. त्यांतल्या पाच आज तुम्हाला सुचवते आहे. पण त्याआधी, आपण पुस्तकं कशी सुचवतो यावर थोडं बोलते, कारण माझं खरं म्हणणं त्याबद्दलच आहे.

आपली शिफारस कुठे चुकते?

शाळेत किंवा पालक सभेत कुणी विचारलं, "मॅडम, चांगलं पुस्तक सांगा," की आपण एक ठरलेली यादी म्हणून दाखवतो. 'श्यामची आई', 'अग्निपंख', 'मृत्युंजय', 'स्वामी'. यादीत काही चूक नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला. अमळनेरला मुलांना शिकवलेल्या शिक्षकाने लिहिलेलं ते पुस्तक आहे, आपल्याच बिरादरीतलं. पण आपण ते नाव घेतो ते आवडलं म्हणून घेतो, की ते घेतलं की पुढचे प्रश्न थांबतात म्हणून? मी तर दुसऱ्या कारणासाठीच घेतलं होतं.

माझं मत असं आहे की, न वाचलेल्या चांगल्या पुस्तकाची शिफारस करण्यापेक्षा, स्वतः वाचलेल्या आणि मनात राहिलेल्या साध्या पुस्तकाची शिफारस जास्त उपयोगी पडते. कारण ऐकणाऱ्याला आपल्या बोलण्यावरून लगेच कळतं. मुलांना तर फारच लवकर कळतं.

दुसरं म्हणजे, पुस्तक 'सगळ्यांना' सुचवता येत नाही. ते माणूस बघून सुचवावं लागतं. आपण वर्गात चाळीस मुलांना एकच गणित देतो, पण समजावताना प्रत्येकाला वेगळं समजावतो ना? तसंच.

म्हणून खाली प्रत्येक कादंबरीसोबत ती कुणी वाचावी आणि वाचताना काय अडेल, हेही लिहिलं आहे. शेवट कुठेच सांगितलेला नाही.

१. उसवण – देविदास सौदागर

कुणासाठी : ज्यांच्या वर्गात कष्टकरी घरातली मुलं आहेत त्या प्रत्येक शिक्षकासाठी.

लेखक आपल्याच मराठवाड्यातले, तुळजापूरचे. त्यांनी स्वतः शिलाईकाम केलेलं आहे. या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला तेव्हा बातमी वाचून मी नाव लिहून ठेवलं होतं, वाचली मात्र आत्ता. विषय एका शिंप्याचा. रेडीमेड कपडे आले, लोक दुकानातून तयार शर्ट-पँट आणायला लागले आणि मशीनवर बसणाऱ्याच्या हातचं काम हळूहळू गेलं. पुस्तक छोटं आहे. दोन-तीन बैठकांत संपतं. पण माझं लवकर संपलं नाही, आणि त्याचं कारण पुस्तकात नव्हतं, माझ्या वर्गात होतं.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. त्याचे वडील पीर बाजाराच्या बाजूला एका टपरीत मशीन घेऊन बसतात. पँट शॉर्ट करणं, चेन बसवणं, फॉल-पिको, असं काम. जूनमध्ये गणवेश ठराविक दुकानातून घ्या असं पालकांना सांगितलं होतं. सगळ्यांनी घेतला. हा मुलगा आला तो घरी शिवलेला शर्ट घालून. चौकडी जरा मोठी, रंग जरा फिका. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सगळ्यांनी घेतला, तुलाच काय झालं?" तो काही बोलला नाही. खाली बघत राहिला. मी हजेरी घेऊन पुढच्या कामाला लागले.

'उसवण' वाचताना मला तो शर्ट आठवला. कॉलर किती नीट बसवली होती, ते आठवलं. काजं हाताने केलेली होती. आपल्या मुलाचा गणवेश आपण शिवायचा, एवढी एक गोष्ट त्या माणसाच्या हातात उरली होती आणि मी त्याच्या मुलाला चारचौघांत त्याच गोष्टीबद्दल खाली बघायला लावलं.

पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी माझा एक कुर्ता अल्टर करायला घेऊन त्या टपरीवर गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "मॅडम, शर्ट चालतोय ना? पुढच्या पगारवाढीला... म्हणजे दिवाळीला नवीन घेतो." पगारवाढ हा शब्द त्यांनी हसून वापरला. मी "चालतोय, छान शिवलाय," एवढंच बोलू शकले.

यंदाच्या पालक सभेत मी विषय मांडला की कापडाचा नमुना ठरवून द्यावा, शिवून कुठूनही घ्यावा. निर्णय अजून झालेला नाही. पण विषय निघाला तो एका कादंबरीमुळे. कादंबरी वाचून काय होतं, असं जे विचारतात त्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

काय अडेल : काही नाही. भाषा ओळखीची आहे. फक्त मन जड होतं, तेव्हा झोपायच्या आधी वाचू नका.

२. पाचोळा – रा. रं. बोराडे

कुणासाठी : 'उसवण' वाचलेल्यांसाठी, आणि ज्यांना आपली घरची बोली वर्गात वापरायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी.

'उसवण'नंतर मी मुद्दाम ही घेतली, कारण हीसुद्धा मराठवाड्यातल्या एका शिंप्याच्या घराची गोष्ट आहे. १९७१ ची. म्हणजे दोन्ही कादंबऱ्यांत साधारण पन्नास वर्षांचं अंतर. इथला गंगाराम शिंपी मानी आहे, हट्टी आहे. गाव बदलतंय, गावातली माणसं बदलतायत आणि त्याला ते मान्य होत नाही. हे सगळं सांगते ती त्याची बायको, तिच्या स्वतःच्या बोलीत. लेखक मध्ये येऊन काही समजावत नाही. नवऱ्याचा राग, पोराची काळजी, चुलीवरचं, शेजारचं, सगळं तिच्या तोंडून.

आमच्या उस्मानपुऱ्यातून स्टेशन रोडला लागलं की देवगिरी महाविद्यालय येतं. बोराडे सर तिथे प्राचार्य होते. ११ फेब्रुवारी २०२५ ला याच शहरात त्यांचं निधन झालं. मी कितीतरी वर्षं त्या गेटवरून रोज ये-जा करते. तिथल्या प्राचार्यांनी लिहिलेली कादंबरी मी वाचायला घेतली ती ते गेल्यावर. हे चांगलं नाही झालं.

शिक्षक म्हणून यातून मला एक गोष्ट मिळाली. आपण मुलांची भाषा सारखी दुरुस्त करतो. मूल म्हणालं, "मॅडम, माय गेली रानात," की आपण म्हणतो, "असं नाही, आई शेतात गेली म्हण." प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, ते आपलं कामच आहे. पण मुलाची बोली म्हणजे चूक नव्हे. त्याच बोलीत एक आख्खी कादंबरी उभी राहते, आणि ती पन्नास वर्षांनीही लोक वाचतात. हे कळल्यापासून मी 'चूक' हा शब्द टाळते. "घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितो," असं सांगते. मुलं दोन्ही लक्षात ठेवतात.

काय अडेल : पुण्या-मुंबईच्या वाचकांना पहिली वीस पानं बोली अडेल. मोठ्याने वाचा. कानाला लगेच सवय होते.

३. बनगरवाडी – व्यंकटेश माडगूळकर

कुणासाठी : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी. आणि वीस वर्षं झालेल्यांसाठी जास्त.

१९५५ ची ही कादंबरी अनेकांनी अभ्यासाला म्हणून वाचली असेल. मीही तशीच वाचली होती. परीक्षेला वाचलेलं पुस्तक हे वाचलेलं पुस्तक नसतं, असं आता वाटतं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका लहान वाडीवर एक तरुण मास्तर जातो. शाळा आहे, पण मुलं नाहीत. मुलं मेंढरांमागे. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला मदत करतो तेव्हा कुठे शाळा भरायला लागते. मग मास्तर हा हळूहळू फक्त मास्तर राहत नाही. पत्रं वाचून देणं, अर्ज लिहून देणं, भांडणं मिटवणं, सगळं त्याच्याकडे. आयबू, आनंदा रामोशी अशी माणसं त्याच्या भोवती जमतात. वाडीवर तालीम बांधायचं त्याच्या मनात येतं. आणि मग पाऊस पडत नाही.

आज आपण 'शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण' करतो, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं हंगामात गळतात म्हणून तक्ते भरतो. माडगूळकरांनी तेच दाखवलंय, तक्त्याशिवाय. शाळा का रिकामी होते याचं उत्तर शाळेत सापडत नाही, ते वाडीच्या पाण्यात आणि चाऱ्यात असतं.

मला यावेळी सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? हा मास्तर कुणाला उपदेश करत नाही. तो बघतो, ऐकतो, चुकतो. त्याच्याकडून मला हेच शिकायचं आहे.

काय अडेल : गोष्ट संथ आहे. घाईत वाचू नका. अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपटही चांगला आहे, पण आधी पुस्तक.

४. शाळा – मिलिंद बोकील

कुणासाठी : आठवी-नववीतल्या मुलांच्या आई-वडिलांसाठी. मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः वाचा.

२००४ ला आलेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळातली आहे. नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतो. मित्र, शाळेतले सर, बाई, मैदान, क्लास, आणि शिरोडकर नावाची मुलगी. बाहेर देशात काय चाललंय ते मुलांना अर्धवट कळतं. मोठ्यांना मात्र मुलांच्या आत काय चाललंय ते काहीच कळत नाही.

माझ्या एका मैत्रिणीने, तीही शिक्षिकाच, मला विचारलं, "अगं, हे पालकांना कशाला सुचवतेस? मुलं बिघडतील म्हणतील." मला उलट वाटतं. मुलाच्या मोबाईलला पासवर्ड आहे म्हणून आपण घाबरतो. मुकुंदकडे मोबाईल नव्हता, तरी त्याच्या मनाला पासवर्ड होताच. घरात तो खरं बोलू शकतो ते फक्त नरूमामाशी. कारण नरूमामा ऐकून घेतो, लगेच ओरडत नाही. पुस्तक मिटल्यावर प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावं, आपल्या घरात असा कुणी आहे का? नसेल तर आपणच होऊ शकतो का?

आणि शिक्षकांनो, यातले काही सर-बाई वाचताना स्वतःची आठवण येऊन थोडं टोचेल. मला टोचलं.

काय अडेल : मुलांच्या तोंडच्या शिव्या आहेत. त्या खोट्या नाहीत, एवढंच म्हणते.

५. बारोमास – सदानंद देशमुख

कुणासाठी : माझ्या डीएडच्या बॅचसाठी.

हे शेवटी ठेवलं, कारण लिहायला सगळ्यात अवघड होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या या लेखकाला 'बारोमास'साठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोक हिला शेतकऱ्याची कादंबरी म्हणून ओळखतात आणि ती आहेच. पण नायक एकनाथ हा एम.ए., बी.एड. आहे. शिकलेला आहे, शिकवू शकतो, पण नोकरीसाठी मागतात तेवढे पैसे घरात नाहीत. म्हणून तो शेतात आहे, आणि शेतीही त्याला उभं राहू देत नाही. ना इकडचा, ना तिकडचा.

आमच्या बॅचमधले कितीतरी जण असेच आहेत. डीएडला नंबर लागला तेव्हा घरी पेढे वाटले होते, "पोराची नोकरी पक्की" म्हणून. मग भरतीची वाट पाहण्यात वर्षं गेली. कुणी खाजगी क्लासवर, कुणी मेडिकलमध्ये काउंटरवर, कुणी गावी परत. मला नोकरी लागली यात माझी हुशारी किती आणि नशीब किती, याचा मी कधी विचार केला नव्हता. एकनाथमुळे केला. एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. तिची टीईटी झालेली आहे, सध्या घरीच शिकवण्या घेते. मी म्हटलं, एक पुस्तक पाठवते, वाच. तिने वाचलं आणि एवढाच मेसेज केला : "हे कुणीतरी लिहिलंय, बरं वाटलं."

काय अडेल : मोठी आहे आणि वऱ्हाडी वळणाची बोली आहे. सुट्टीत घ्या.

"पण मॅडम, वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. यू-डायस, आधारची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. पालकांचंही तसंच, दिवसभर कंपनीत किंवा दुकानात उभं राहून घरी आल्यावर पुस्तक कोण धरणार?

मी काय केलं ते सांगते. रोज दहा पानं, एवढंच ठरवलं. जेवणं झाली की मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. दहा पानं रोज म्हणजे महिन्याला तीनशे. म्हणजे एक कादंबरी होतेच. काही दिवस चुकले. चुकले तर चुकले.

आणि न आवडलेलं पुस्तक सोडून द्यायची स्वतःला परवानगी दिली. नेमाडे यांची 'कोसला' मी डीएडला असताना दोनदा सोडली होती. तेव्हा वाटायचं आपल्यालाच अक्कल नाही. हे लेखक आपल्या इथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, पुढे ज्ञानपीठ मिळालं, आणि आपल्याला पुस्तक झेपत नाही! आता तिसऱ्यांदा घेणार आहे. झेपली तर लिहीन, नाही झेपली तरी लिहीन. न आवडलेलं मोकळेपणी सांगता आलं, तरच आवडलेल्यावर कुणी विश्वास ठेवतं.

काही पालक म्हणतात, "कादंबरीने मार्क वाढतात का?" नाही वाढत. स्कॉलरशिपच्या पेपरात एकनाथवर प्रश्न येणार नाही. पण घरात आई किंवा वडील संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेले दिसले, तर पुस्तक ही फक्त शिक्षेसारखी द्यायची वस्तू नाही, हे मुलाला न सांगता कळतं. आपण मोबाईल बघत बघत "जा, वाचत बस" म्हणतो, तेव्हाही त्याला काहीतरी कळतंच.

एक छोटा उपक्रम

आमच्या स्टाफरूममध्ये मी एक शंभर पानी वही दोरीने अडकवली आहे. वर लिहिलंय 'मी वाचलं'. ज्याने पुस्तक संपवलं त्याने तीनच ओळी लिहायच्या : पुस्तकाचं नाव, कुणी वाचावं, आणि कुठे थांबावंसं वाटलं. न वाचता नाव लिहायचं नाही, एवढा एकच नियम. पहिले पंधरा दिवस वहीत फक्त माझं अक्षर होतं. मग एका सरांनी लिहिलं. नंतर आमच्या शाळेच्या मावशींनी मला विचारलं, "मी सांगितलं तर तुम्ही लिहाल का?" त्यांनी मुलीच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचून घेतली होती. मी लिहिली, खाली त्यांची सही घेतली. तुमच्या शाळेत करून बघा. खर्च एका वहीचा.

आणि हो, त्या चौथीतल्या मुलीला मी खरं सांगितलं. म्हटलं, "त्या दिवशी मी काहीच वाचत नव्हते. आता वाचते आहे." ती म्हणाली, "दाखवा." मी पर्समधून 'बनगरवाडी' काढून दाखवली. तिने खूण कुठे घातली आहे ते बघितलं, पान नंबर मोठ्याने वाचला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या विचारलं, "मॅडम, आज किती झालं?"

आता ती रोज विचारते. त्यामुळे माझी सुटका नाही.

तुम्ही सध्या काय वाचताय ते नक्की कळवा. यादी नको, एकच पुस्तक सांगा, पण स्वतः वाचलेलं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर